इथे दम धरू नका

मी एक जुना पिवळा रेग्युलेटर आहे. मित्रांनो, हे नाव ऐकून तुम्ही लगेच पंख्याच्या बटणाकडे बघाल. तो मी नव्हे. समुद्राखाली पोहायला जाणारी माणसं पाठीवर हवेची टाकी बांधतात. त्या टाकीतली हवा भलतीच दाबलेली असते. ती नळीतून आणून, लागेल तेव्हा आणि सोसेल एवढीच तोंडात सोडणारा जो डबा ती माणसं दातांत धरतात, तो मी. थोडक्यात सांगायचं तर लोकांना दम देणं हा माझा धंदा. पण कोणावर कधी डोळे वटारल्याचं मला आठवत नाही.

सध्या मी एका कुलूपवाल्याच्या दुकानात खिळ्याला टांगलेला असतो. माझ्या एका बाजूला न घासलेल्या चाव्यांच्या माळा आहेत, दुसऱ्या बाजूला लहानमोठ्या कानशी. खाली चावी कापायचं मशीन करकरतं आणि पितळेचा भुगा माझ्यावर उडतो. गिऱ्हाइकं मला बघून विचारतात, "काका, हे काय, गॅसचं?" कुलूपवाले काका मान हलवतात आणि काम करत राहतात. ती मान 'हो' म्हणून हलते की 'नाही' म्हणून, ते गिऱ्हाइकाला कळत नाही. मला कळतं. समुद्र सोडून मी या कोरड्या जागी कसा आलो, ते तुम्हाला सांगावं म्हणून आज बोलतो आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्या पोटात कातडीइतका पातळ एक पडदा बसवला, दोन झडपा बसवल्या आणि तोंडाला मऊ रबर लावलं. माझ्यासोबत एक काळा भाऊही तयार झाला. आम्हा दोघांच्या नळ्या एकाच टाकीला जोडलेल्या. पण मान त्याचा मोठा, कारण मालकाच्या तोंडात जायचा तो. मी जादाचा. छातीजवळ अडकवून ठेवलेला, नळी लांब आणि रंग भडक पिवळा. जोडीदाराची हवा संपली, तो घाबरला, तर त्याला गढूळ पाण्यातही मी दिसावा आणि त्याने ओढून घ्यावा म्हणून मी असा. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. ती काडी पिवळी असते, एवढीच त्यात माझी भर. स्वतःच्या मालकाच्या कधी उपयोगी पडायचं नाही, नेहमी दुसऱ्याच्याच, असं नशीब घेऊन मी आलो, आणि मला त्याचा अभिमानच वाटत असे.

मला विकत घेतलं एका नवराबायकोने. बंदराच्या मागच्या गल्लीत त्यांचं छोटं दुकान होतं. नवरा पाण्याखाली पोहायला शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणत. टाक्या भरणं, साधनं उघडून साफ करणं, गळती शोधणं हे बाईंचं खातं. समुद्रातून आलो की बाई आम्हाला आधी गोड्या पाण्याच्या हौदात बुडवून ठेवत. खारट पाणी अंगावर वाळू दिलं नाही त्यांनी कधी. वर्षातून एकदा त्या मला पूर्ण उघडत, जुनी रबरं काढून नवी घालत आणि कानाजवळ धरून ऐकत. दुसऱ्यांच्या सामानात मिसळू नये म्हणून माझ्या नळीला त्यांनी लाल दोरा गुंडाळला होता. तो अजून आहे. रंग उडाला आहे, इतकंच.

त्या दुकानात शिरलं की समोरच्या भिंतीवर मास्तरांनी रंगवलेली पाटी दिसायची: 'इथे दम धरू नका'. नवीन माणूस ती वाचून गोंधळायचा. आपल्याकडे तर सगळे उलटं सांगतात. बस आली नाही, दम धर. भात शिजला नाही, दम धर. पण पाण्याखाली पहिला नियम एकच: श्वास कधीही अडवायचा नाही. घ्यायचा, सोडायचा, घ्यायचा, सोडायचा. मास्तर म्हणत, "भाषेने घात करू नये म्हणून हा शब्दच मी दुकानातून हद्दपार केलाय. दम खा, हवा तेवढा खा. पण धरू नका." आणि ते खरंच कडक होते. एकदा बाईच आतून म्हणाल्या, "दम धरा हो, चहा उकळतोय," तर मास्तरांनी त्यांना सगळ्यांसमोर पाटी वाचायला लावली. तेव्हापासून त्या घरात चहा उशिरा झाला की "श्वास घ्या, आणतेय" असं ऐकू यायचं.

हा नियम का, ते दाखवायला मास्तर माझाच उपयोग करत. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी शिष्यांना गुडघ्यांवर बसवायचे, माझं बटण दाबून दोन फुग्यांत हवा भरायचे. एकाचं तोंड बांधायचे, दुसऱ्याचं सैल ठेवायचे आणि दोन्ही सोडून द्यायचे. सैल तोंडाचा फुगा बुडबुडे सोडत मजेत वर जायचा. बांधलेला जसजसा वर जाई तसतसा फुगत जाई. खाली पाण्याचा दाब जास्त, वर कमी, म्हणून आतली हवा पसरते. वर आल्यावर मास्तर तो ताणलेला फुगा हातात घेऊन म्हणायचे, "हा तलाव उथळ आहे म्हणून हा फुटला नाही. समुद्रात फुटला असता. आणि छातीत असे दोन असतात."

एक दिवस कुलूपवाले काका त्या दुकानात आले. सोबत त्यांची मुलगी. ते तिला किल्ली म्हणायचे. बारीक अंगाची, लांब बोटांची, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रात तिला नोकरी लागली होती. कामावर रुजू व्हायच्या आधी पाण्याखाली पोहण्याचं सर्टिफिकेट हवं होतं. तिच्या घराण्यात समुद्राशी कोणाचा संबंध नव्हता. काकांना तर पोहताही येत नव्हतं. पण लेकीला कोणाच्या हवाली करायचं ते नीट बघून ठरवणार, असा त्यांचा निश्चय होता.

त्यांनी दुकान कुलपासारखं तपासलं. पट्ट्यांची बकलं उघडझाप करून पाहिली. टाकीतून आलेली हवा हुंगली. माझा तर त्यांनी दोन बोटांत धरून असा कान पिळला की मला वाटलं, आता चावी घालतील. मास्तर हसत बघत होते. शेवटी काका म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही हो. चांगलं दुकान कसं ओळखायचं, तुम्हीच सांगा."

"विचारा की. साधनं शेवटची कधी उघडली, विचारा. एका वेळी किती जणांना पाण्यात नेता, विचारा. बोटीवर प्राणवायूची टाकी असते का आणि ती भरलेली असते का, विचारा. जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नका. इथे आणखी दुकानं आहेत, तिथेही हेच विचारून या."

"आणि शिक्षक?"

"ज्याला 'अजून नाही' म्हणता येतं, तो शिक्षक. 'हो' काय, कोणीही म्हणतं."

काका दोन दुकानं फिरून परत आले आणि म्हणाले, "ठरलं. तुम्हीच." मित्रांनो, हे लक्षात ठेवा. त्या माणसाने पहिल्यांदा निवड अगदी बरोबर केली होती.

किल्ली पाण्यात मासोळीसारखी होती. खुणा पाठ, साधनांची जोडणी चोख. जोडीदाराची हवा संपल्याचा सराव करताना ती माझ्याकडे न चुकता हात टाकायची, मला दातांत धरायची आणि मास्तरांना 'ठीक' अशी खूण करायची. पहिल्यांदा मी तिच्या तोंडात गेलो तेव्हा ती पाण्यातच हसली आणि अर्धा तलाव प्यायली. वर आल्यावर माझ्या लाल दोऱ्याला टिचकी मारून म्हणाली, "हा पिवळा माझा दोस्त." इतक्या वर्षांत मला कोणी दोस्त म्हटलं नव्हतं. जादाच्या वस्तूला कोण दोस्त म्हणतो?

फक्त एक गोष्ट तिला जमत नव्हती. डोळे आणि नाक झाकणाऱ्या काचेच्या मास्कमध्ये पाणी शिरलं की तोंडाने श्वास चालू ठेवून, नाकातून हवा सोडून ते पाणी बाहेर काढायचं असतं. डोळ्यांना पाणी लागलं की किल्लीचा श्वास थांबायचा. भीतीने नव्हे, सवयीने. काका कुलूप उघडायला बसत तेव्हा लहानपणी ती त्यांच्या शेजारी बसायची. बारीक तार आत घातली की काका श्वास रोखत, हात हलू नये म्हणून, आणि म्हणत, "दम धर, किल्ली. आत्ता उघडेल." तीही गालांत हवा भरून बसायची. खट्ट आवाज झाला की दोघं एकदम श्वास सोडायची. तिच्यासाठी प्रत्येक कठीण क्षणाचं औषध तेच होतं. हे तिनेच बाईंना हौदाशी बसून सांगितलं, आणि सांगताना ती खूश होती.

मास्तरांनी पुन्हा पुन्हा करून घेतलं. कधी जमायचं, कधी नाही. शेवटी रुजू व्हायची तारीख तोंडावर आली आणि काकांनी विचारलं, "समुद्रात कधी नेताय?"

"अजून नाही," मास्तर म्हणाले. "मुलगी गुणी आहे. पण मास्कमध्ये पाणी गेलं की श्वास अडवते. ती सवय मोडली की नेतो."

"पण नोकरी जाईल तिची."

"केंद्राला मी पत्र देतो. सांगतो, थोडा वेळ द्या म्हणून."

"पत्र वाचायला कोण बसलंय तिथे? रांग लागलीय मागे." काकांचा आवाज चढला. "बाकी सगळं येतं तिला. एवढ्याशा पाण्यासाठी अडवून धरताय."

किल्ली खाली बघत होती. तिचे डोळे भरले होते, आणि तेव्हाही तिने श्वास धरून ठेवला होता. मास्तरांनी ते पाहिलं. त्यांनी मान हलवली, पण शब्द बदलला नाही. काका तिचा हात धरून निघून गेले. जन्मभर सगळ्यांना दम धर म्हणणाऱ्या त्या माणसाला त्या एका दिवशी दम धरवला नाही. मला अजून त्यांचा राग येत नाही. लेकीचं नशीब दारात उभं असताना कोणता बाप शांत राहील?

बंदराच्या पुढच्या बाजूला एक नवं दुकान होतं. मोठी काच, थंड हवा, भिंतभर माशांचे फोटो. तिथला तरुण शिक्षक स्वभावाने गोड होता, कोणाला नाही म्हणायचा नाही. शनिवार-रविवारात सर्टिफिकेट हातात, असं तिथे सांगत. यावेळी काकांनी काहीच तपासलं नाही. बकलं नाहीत, हवा नाही, एका वेळी किती जण, तेही नाही. चावी हरवलेला माणूस उघड्या दारात शिरावा तसे ते शिरले.

मला हे तेव्हा ठाऊक नव्हतं, पुढे काकांच्याच तोंडून कळलं. मी हौदाशेजारी खुंटीवर होतो. रविवारी सकाळी मास्तर तलावावर गेलेले असताना तो तरुण शिक्षक धावत आला. "बाई, माझा रेग्युलेटर गळतोय आणि बोट सुटायची वेळ झालीय. एक संच द्याल का?" बंदरावर अशी देवाणघेवाण चालायचीच. अडल्यानडल्याला नाही म्हणणं बाईंच्या स्वभावात नव्हतं. "कोणाला नेतोयस?" त्यांनी विचारलं. "आहेत, नेहमीचीच मंडळी," तो म्हणाला. बाईंनी आम्हा दोघा भावांना खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिलं.

धक्क्यावर सहा-सात शिकाऊ उभे होते. त्यांत किल्ली होती. शिक्षकाच्या छातीवर मला बघून ती दचकली आणि मग हसली. "तू इथे?" असं हळूच म्हणून तिने लाल दोऱ्याला टिचकी मारली. काका तिला सोडायला आले होते. बोटीत पाय ठेवताना ती मागे वळली.

"बाबा, थोडी भीती वाटतेय."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "काही होत नाही. दम धर, किल्ली."

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते दुसऱ्याच्या श्वासासाठी आहे. त्याने मला ओरडता आलं नाही.

खाली पाणी स्वच्छ होतं. शिक्षक एकटा आणि शिकाऊ इतके, की एकाला सरळ करेपर्यंत दुसरा वाकडा व्हायचा. एका माणसाची टाकी सैल झाली म्हणून शिक्षक त्याच्याकडे वळला. तेवढ्यात किल्लीच्या पुढे पोहणाऱ्याचा पाय तिच्या मास्कला लागला. मास्क सरकला. पाणी आत गेलं. ती माझ्या अगदी जवळ होती, नळी ताणली असती तर मी तिच्या हातात पोचलो असतो. पण माझी गरजच नव्हती. तिच्या टाकीत भरपूर हवा होती. रेग्युलेटर तिच्या दातांत घट्ट होता. फक्त श्वास सोडायचा होता. तिने डोळे मिटले, आणि तिच्या तोंडून निघणारे बुडबुडे थांबले. एकही बुडबुडा नाही. मग तिने पायांनी पाणी मारलं आणि ती सरळ वर निघाली, त्या बांधलेल्या फुग्यासारखी.

शिक्षकाने वळून पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. बोटीवर तिला झोपवलं, तेव्हा मी शिक्षकाच्या छातीवर लोंबकळत होतो आणि तो तिच्यावर वाकला की माझं रबर तिच्या गालाला लागत होतं. धक्क्यावर काका वाट बघत होते. शिक्षक आधी उडी मारून धक्क्यावर आला. तो म्हणाला, "काका, ती घाबरली आणि एकदम वर गेली."

"वर आली ना?" काका म्हणाले. "मग ठीक आहे." बोटीतलं दिसेपर्यंत ते तसेच उभे होते, हातात तिच्या चपला घेऊन.

मास्तरांनी त्यानंतर तलावावर जाणं पुष्कळ दिवस बंद ठेवलं. बाईंनी मला धुतलं, वाळवलं आणि खुंटीवर टांगलं, पण त्या माझ्याकडे बघत नसत. एकदा धुताना त्या लाल दोरा सोडायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

पावलांचा आवाज न करता काका एका दुपारी दुकानात आले. पाटीखालच्या बाकावर बसले. मास्तर त्यांच्याशेजारी बसले. बाई आत जाऊन चहा ठेवून आल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"मी तिला दम धर म्हणालो," काका म्हणाले. "धक्क्यावर. शेवटचं."

"तुम्ही धीर दिलात तिला," बाई म्हणाल्या.

"धीर धर म्हणालो असतो तरी चाललं असतं." काकांनी पाटीकडे पाहिलं. "अर्थ तोच ना? पण तो शब्दच आला नाही तोंडात. आमच्या घरात तो नव्हता."

मास्तरांनीही पाटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "एका शब्दाने माणूस जात नाही हो. सवय मोडायला आणखी थोडे दिवस हवे होते. ते कोणीच दिले नाहीत तिला."

"तुम्ही देत होता," काका म्हणाले.

बाईंना रडू आवरेना. "तो संच मीच दिला त्याला. कोण जाणार आहे, धड विचारलंसुद्धा नाही." काका उठले आणि खुंटीपाशी आले. त्यांनी माझ्या दोऱ्यावरून बोट फिरवलं. तिने शेवटी ज्याला हात लावला, तो मला द्या, असं ते म्हणाले. मास्तरांनी मला नळीसकट माझ्या काळ्या भावापासून सोडवलं. देताना बाई म्हणाल्या, "टाकी नाही म्हटल्यावर यातून आत काही येणार नाही. श्वास सोडलात तर बाहेर तेवढा जाईल."

असा मी इथे आलो. काका कामावर बसतात. पण आता तार आत घालताना ते श्वास रोखत नाहीत. त्यामुळे हात हलतो, कुलूप उघडायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक कुरकुरतं. काका म्हणतात, "बसा. श्वास घ्या." आणि कोणाचा मुलगा, कोणाची मुलगी काही शिकायला जाणार असं कानावर आलं, की ते कानस खाली ठेवतात आणि विचारतात, "शिकवणारा तुम्हाला कधी 'अजून नाही' म्हणाला का?" लोकांना वाटतं, म्हातारा चक्रम आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधी समुद्राखाली जाल. जा, खाली फार सुंदर आहे, ते मी पाहिलं आहे. पण जाण्याआधी दुकान निवडा, माणूस निवडा, प्रश्न विचारायला लाजू नका. साधनं धुवून ठेवा, ती मुकी असतात. आणि जो तुम्हाला थांबवतो त्याच्यावर रागावून दुसऱ्या दारात जाऊ नका. त्याच्या 'अजून नाही'मध्ये तुमचे पुढचे सगळे दिवस असतात. किल्लीचेही होते.

संध्याकाळी दुकान बंद करताना काका मला खिळ्यावरून काढतात. पितळेचा भुगा फुंकून टाकतात, रबर पुसतात आणि तिने धरलं होतं तसं मला दातांत धरतात. माझ्यामागे टाकी नाही, मी त्यांना दम देऊ शकत नाही. पण बाहेर सोडणारी झडप अजून शाबूत आहे, बाईंनी ती नेहमी नीट ठेवली. काका डोळे मिटतात. दिवसभराचं छातीत साठलेलं सगळं हळूहळू सोडतात, आणि मी ते जाऊ देतो. इथे पाणी नाही, म्हणून बुडबुडे दिसत नाहीत.